वाढत्या वयातील गुडघेदुखी आणि वेदनाशामक औषधे

सात-आठ वर्षांचे मूल दिवसभर हुंदडते, जेवते आणि झोपी जाते. रात्रीच्या पहिल्या-दुसऱ्या प्रहरी मात्र तेच मूल गुडघा किंवा पोटरी धरून रडत उठते. आई तेल चोळते, पाय दाबते. अर्ध्या-पाऊण तासाने मूल पुन्हा झोपते व सकाळी जणू काही घडलेच नाही अशा थाटात शाळेची वाट धरते. ‘हाडे वाढू लागली म्हणून दुखतात’, असा निर्वाळा घरातील वडीलधारी माणसे देतात. हा प्रकार इतका नित्याचा आहे की, त्याचा शास्त्रीय विचार करावयास हवा असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि या अनुभवाशी निगडित असे तीन प्रश्न औषधिशास्त्राच्या अभ्यासकापुढे उभे राहतात. या वेदनेवर औषध द्यावे काय? द्यावयाचे तर कोणते व किती? आणि औषध दिल्याने वेदना थांबली, तर त्यावरून काय सिद्ध होते? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो; परंतु व्यवहारदृष्ट्या तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

या प्रश्नांची उत्तरे शोधताना ते कोणत्या परिस्थितीत विचारले जातात, हेही ध्यानी घेतले पाहिजे. पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्हे परिसरातील पाली या गावाचे उदाहरण घेता येईल. वेल्हे तालुका अलीकडे राजगड या नावाने ओळखला जातो आणि राजगड किल्ल्याचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे. या डोंगराळ मुलुखात चढउतार हा मुलांच्या नित्य जीवनाचा भाग असतो. शाळेची वाट, गुरांमागची धाव, पावसाळ्यातील भाताची खाचरे, उकिडवे बसून करावयाची कामे आणि संध्याकाळचा कबड्डीचा डाव या सर्वांचा भार गुडघ्यावर येतो. अशा गावी मध्यरात्री मूल रडू लागले असता वैद्य किंवा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. निर्णय घरातच होतो आणि फडताळात किंवा जवळच्या दुकानात जी गोळी असेल तीच हाताशी येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखालील १९४५ च्या नियमांतील ‘के’ परिशिष्टात लहान खेड्यांसाठी एक सवलत ठेवण्यात आली. हजारापेक्षा अधिक वस्ती नसलेल्या गावात काही घरगुती औषधे किरकोळ विक्रीच्या परवान्यावाचून विकण्याची ती मुभा आहे आणि त्या औषधांत ॲस्पिरिन व पॅरासिटामॉल या दोन्ही गोळ्यांचा समावेश आहे. सवलतीचा हेतू उघडच लोकहिताचा आहे. परंतु या दोन गोळ्या बालकाच्या बाबतीत एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. हा भेद विद्यापीठाच्या ग्रंथालयापेक्षा त्या दुकानात कळणे अधिक निकडीचे आहे.

दोन भिन्न दुखणी

‘वाढीची गुडघेदुखी’ या एकाच नावाखाली निदान दोन वेगळी दुखणी एकत्र केली जातात. त्यांचे स्वरूप, वय व उपचार भिन्न असल्याने प्रथम त्यांची फारकत करणे अवश्य आहे.

पहिले दुखणे म्हणजे लहान मुलांची रात्रीची पायदुखी. ती साधारणतः तीन ते बारा या वयात आढळते. वेदना दोन्ही पायांत, मांडीच्या पुढील भागात, पोटरीत किंवा गुडघ्याच्या मागे असते. सांध्याच्या आत ती नसते. ती संध्याकाळी वा रात्री येते व सकाळपर्यंत मावळते. सूज, ताप, लंगडणे यांपैकी काही नसते आणि तपासणीत पाय निर्दोष आढळतो. दोन हल्ल्यांच्या मध्ये कित्येक दिवस किंवा आठवडे मूल पूर्ण बरे असते. मार्सेल द्यूशां या फ्रेंच वैद्याने १८२३ साली वाढीच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथात या दुखण्यास वाढीशी जोडले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. मात्र नाव रूढ झाले म्हणून कारण सिद्ध झाले, असे नव्हे. ज्या वयात उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या वयात हे दुखणे सर्वाधिक असावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या विषयावरील १४५ अभ्यासांतील व्याख्या तपासण्यात आल्या. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अभ्यासांत वाढीचा उल्लेखच नव्हता आणि वय, स्थान, वेळ यांपैकी कोणत्याही एका लक्षणावर सर्वांचे एकमत नव्हते. व्याख्याच सैल असल्यामुळे प्रमाणाचे आकडेही परस्परांपासून फार दूर जातात. इंग्लंडात नेश व ॲप्ली यांनी १९५१ मध्ये शाळकरी मुलांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के दिले, तर ऑस्ट्रेलियात २००४ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांत ते ३६.९ टक्के आढळले. दिवसभराच्या श्रमाने स्नायूंस आलेला थकवा, वेदनेची मर्यादा काही मुलांत जन्मतःच कमी असणे, सांध्यांचा अतिलवचिकपणा, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव अशी अनेक कारणे सुचविली गेली आहेत. यांपैकी एकही निर्विवाद ठरलेले नाही.

दुसरे दुखणे वाढीशी खरोखर संबद्ध आहे. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणि गुडघ्याखाली नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीच्या चकत्या असतात. पायाच्या लांबीची बहुतांश वाढ या दोन ठिकाणी होते. वर्षाकाठी पहिल्या जागी सुमारे ९ ते १० मिलिमीटर व दुसऱ्या जागी सुमारे ६ मिलिमीटर हाड वाढते. मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिर स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्गे एका भक्कम कंडरेने नडगीच्या वरच्या उंचवट्यास जोडलेला असतो. कुमारवयात हा उंचवटा अद्याप पूर्ण हाड झालेला नसतो. तो अंशतः कूर्चेचाच असतो. धावणे, उडी मारणे, चढण चढणे या प्रत्येक क्रियेत स्नायू त्या कोवळ्या जागेस ओढतो. ओढ वारंवार व जोरकस झाली की तेथे सूक्ष्म इजा होते, जागा सुजते आणि दाबल्यास दुखते. बॉस्टनचे रॉबर्ट ऑस्गुड व झुरिचचे कार्ल श्लाटर या दोघांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे जोडनाव मिळाले. मुलींत साधारणतः आठ ते तेरा व मुलांत दहा ते पंधरा या वयात तो दिसतो. येथे वेदना रात्री अवचित येत नाही. ती श्रमाबरोबर येते आणि विश्रांतीने ओसरते; जिना वा चढण चढताना आणि गुडघे टेकून बसताना ती बळावते. बोट ठेवून दाखविता येईल अशी तिची जागा निश्चित असते. हाडाची वाढ पूर्ण होऊन उंचवटा पक्का झाला की हे दुखणे बहुधा आपोआप थांबते; मागे एक टेंगूळ मात्र कायम राहू शकते.

पालीच्या परिसरात दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यास पोषक अशी परिस्थिती आहे, हे भूगोलावरूनच कळते. डोंगरवाट चढताना मांडीच्या स्नायूस शरीर उचलावे लागते व उतरताना तेच शरीर आवरून धरावे लागते. दोन्ही वेळी ओढ त्याच कोवळ्या उंचवट्यावर पडते. कबड्डीत गुडघ्यावर पडण्याचे प्रसंग त्यात भर घालतात. म्हणून ‘खेळणे बंद’ असा सरसकट हुकूम येथे निरुपयोगी ठरतो. खेळ बंद करता येईल. शाळेची वाट कशी बंद करणार?

वेदनाशामकांची ओळख

वेदनेवरील आधुनिक औषधांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आले. पॅरासिटामॉलचे संश्लेषण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात झाले होते. फोन मेरिंग यांनी १८९३ मध्ये त्याचा रुग्णांवर प्रयोग केला. परंतु नंतर ते सुमारे पन्नास वर्षे अडगळीत पडले. ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये ॲसिटॅनिलाइड या जुन्या औषधाचा शरीरात होणारा चयापचय तपासला. त्याचा वेदनाशामक गुण वस्तुतः शरीरात निर्माण होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळे आहे, असे त्यांनी दाखविले आणि या औषधाचे पुनरुज्जीवन झाले. अमेरिकेत १९५५ साली बालकांसाठीच त्याचे गोड पातळ औषध विक्रीस आले. आयब्युप्रोफेन हे स्ट्युअर्ट ॲडम्स व त्यांचे सहकारी यांच्या इंग्लंडातील संशोधनातून निघाले आणि १९६९ मध्ये तेथे उपलब्ध झाले. ॲस्पिरिन व तत्सम औषधे प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांच्या निर्मितीस अटकाव करून वेदना व दाह कमी करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. या कार्याबद्दल १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

बालकांच्या गुडघेदुखीच्या दृष्टीने या औषधांचे तारतम्य पुढीलप्रमाणे लावता येते. पॅरासिटामॉल वेदना व ताप कमी करते. दाहावर त्याचा परिणाम क्षीण आहे. योग्य मात्रेत ते जठर व मूत्रपिंड यांना फारसे त्रासदायक नाही. रात्रीच्या पायदुखीत दाह नसतोच. म्हणून तेथे औषध द्यावयाचे झाल्यास हेच प्रथम होय. आयब्युप्रोफेन वेदनेबरोबर दाहही कमी करते. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाडास वा स्नायूस ताजी इजा झालेल्या सहा ते सतरा वर्षांच्या ३३६ मुलांत आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल व कोडीन यांची तुलना करण्यात आली. एका तासानंतर आयब्युप्रोफेनने वेदना इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे अधिक उतरली होती. हा निष्कर्ष ताज्या इजेपुरता आहे. तो महिनोन्महिने चालणाऱ्या ओढीच्या दुखण्यास जसाच्या तसा लावणे युक्त नव्हे. तरीही कबड्डीच्या सामन्यानंतर ठणकणाऱ्या उंचवट्यावर एक-दोन दिवस आयब्युप्रोफेन देण्यास आधार मिळतो. ते अन्नाबरोबर द्यावे. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या मुलास, मूत्रपिंडाच्या रुग्णास किंवा या वर्गातील औषधाने ज्याचा दमा उसळतो अशा मुलास ते देऊ नये.

ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील डग्लस राय यांनी १९६३ साली वर्णिलेल्या विकारात मेंदूस सूज येते, यकृतात चरबी साठते आणि मूल दगावू शकते. फ्लू, कांजिण्या अशा विषाणुजन्य तापात ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत हा विकार अधिक आढळल्याने ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये बारा वर्षांखालील व २००२ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांस ते देऊ नये, असा इशारा देण्यात आला. साध्या गुडघेदुखीसाठी मुलास ॲस्पिरिन देण्याचे कोणतेही प्रयोजन उरलेले नाही. विशिष्ट रोगांत डॉक्टर ते देतात, तो प्रश्न निराळा.

नायमेसुलाइड या औषधाचा भारतातील अनुभवही बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते येथे लोकप्रिय झाले आणि मुलांच्या तापावर व दुखण्यावर सर्रास दिले जाऊ लागले. यकृतावरील दुष्परिणामांमुळे फिनलंड व स्पेन या देशांनी २००२ मध्ये त्याची विक्री थांबविली. भारत सरकारने फेब्रुवारी २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याच्या वापरास बंदी केली. मेफेनॅमिक आम्ल आजही मुलांस दिले जाते. परंतु त्याने क्वचित त्वचा व अंतर्गत अवयव यांवर तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. ज्या दुखण्याने जीवास धोका नाही, त्यासाठी अशा जोखमीचे औषध प्रथम निवडणे शहाणपणाचे नाही. औषधाची निवड करताना ‘ते किती जोरदार आहे’ हा निकष पुरेसा नसून ‘दुखणे किती गंभीर आहे’ हा निकष त्याच्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मात्रेचा हिशेब

बालकाची मात्रा वयावरून नव्हे तर वजनावरून ठरते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलोग्रॅम वजनास १० ते १५ मिलिग्रॅम होय. दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि दिवसात चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत. आयब्युप्रोफेनची मात्रा दर किलोग्रॅमास ५ ते १० मिलिग्रॅम असून अंतर सहा ते आठ तासांचे असते.

चोवीस किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे उदाहरण घेतल्यास पॅरासिटामॉलची एक मात्रा २४० ते ३६० मिलिग्रॅम येते. बाजारात हेच औषध अनेक रूपांत मिळते. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम अशी त्यांची तीव्रता असते. पहिल्या बाटलीतील १० मिलिलिटर, दुसरीतील ५ मिलिलिटर व थेंबांच्या बाटलीतील अडीच मिलिलिटर यांत जवळजवळ सारखेच औषध असते. यावरून ‘एक चमचा’ हा शब्द किती फसवा आहे, हे ध्यानात येईल. दहा किलोग्रॅमच्या धाकट्या भावंडास थेंबांच्या बाटलीतून ५ मिलिलिटर गेले तर ती मात्रा दर किलोग्रॅमास ५० मिलिग्रॅम होते, म्हणजे कमाल मात्रेच्या तिपटीहून अधिक. शिवाय घरातील चमचे एकाच मापाचे नसतात. बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकण किंवा सुई नसलेली पिचकारी हेच खरे माप होय.

गोळीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भाग वरील मुलास पुरेसा होतो. परंतु अलीकडे घरोघरी ६५० मिलिग्रॅमची गोळी असते. ती पूर्ण दिल्यास दर किलोग्रॅमास सुमारे २७ मिलिग्रॅम मात्रा जाते. एकदा असे घडल्याने बहुधा अपाय होत नाही; दिवसात चार-पाच वेळा व सलग काही दिवस घडल्यास होऊ शकतो. त्याचे कारण यकृतात आहे. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी संयुगांत रूपांतरित होऊन मूत्रावाटे जातो. थोड्या भागापासून एक विषारी द्रव्य तयार होते व ग्लुटाथायोन हे यकृतातील द्रव्य त्यास निष्प्रभ करते. मात्रा फार झाली तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. कुपोषित किंवा बरेच दिवस न जेवलेल्या मुलात हा साठा मुळातच तोकडा असतो. पहिल्या दिवशी लक्षणे जवळजवळ नसतात, हा या विषबाधेचा सर्वांत घातक विशेष आहे. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा वेळीच दिल्यास फार गुणकारी ठरतो. म्हणूनच मात्रा चुकल्याची शंका येताच, मूल खेळत असले तरी, रुग्णालय गाठणे अवश्य आहे.

संयुक्त औषधांमुळे आणखी एक घोटाळा होतो. आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल यांचे मिश्रण एका बाटलीत आणि सर्दीच्या औषधातील पॅरासिटामॉल दुसऱ्या बाटलीत असते. पालकांच्या दृष्टीने ती दोन निराळी औषधे असतात. यकृताच्या दृष्टीने मात्र ती एकाच औषधाची दुप्पट मात्रा ठरते. म्हणून वेष्टनावरील व्यापारी नाव सोडून घटकद्रव्याचे नाव वाचण्याची सवय लावणे हे आरोग्यशिक्षणाचे एक मुख्य अंग मानले पाहिजे.

पातळ औषधाच्या शुद्धतेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. पॅरासिटामॉल पाण्यात सहज विरघळत नसल्याने प्रवाही औषधात ग्लिसरिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखी सहद्रव्ये वापरतात. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य मिसळलेले असल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली अशा दूषित ग्लिसरिनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. बांगलादेशात १९९० च्या सुमारास व हैतीत १९९६ मध्ये मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्येच हे विष आढळले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील मुले दूषित खोकल्याच्या औषधाने आजारी पडली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणण्यात आले. कित्येक वाचली नाहीत. अशा घटनांची जबाबदारी उत्पादक व नियंत्रक यंत्रणा यांची आहे, पालकांची नव्हे. परंतु व्यवहारात एक साधा बोध घेता येतो. गोळी गिळू शकणाऱ्या किंवा पाण्यात विरघळवून घेऊ शकणाऱ्या मुलास मोजून दिलेली अर्धी गोळी ही सिरपपेक्षा स्वस्त असते. तिचे माप चुकण्याचा संभव कमी असतो आणि विद्रावकाचा प्रश्नच तिच्यात उद्भवत नाही.

वेदना झाकली जाते तेव्हा

येथे आरंभीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. औषधाने गुडघा थांबला म्हणजे दुखणे साधे होते, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. वेदनाशामक औषध कारण पाहून काम करीत नाही. ते साध्या दुखण्याइतकेच गंभीर दुखणेही काही काळ शांत करते.

ऱ्हुमॅटिक ताप हे याचे ठळक उदाहरण होय. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा वा घोटा सुजतो. तो ओसरतो तोच दुसरा सांधा धरतो. ही फिरती सांधेदुखी निदानाची मोठी खूण आहे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने तिला इतक्या लवकर उतार पडतो की, फिरण्यापूर्वीच ती थांबते आणि खूण पुसली जाते. गुडघा बरा होतो, परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाते. भारतासारख्या देशात एकाच सांध्याचा दाहही महत्त्वाचा मानावा, अशी दुरुस्ती जोन्स यांच्या निदाननिकषांत २०१५ साली करण्यात आली. वेळेवर निदान झाल्यास दर तीन-चार आठवड्यांनी दिलेल्या पेनिसिलिनने पुढील हल्ले टाळता येतात. येथे एका बाटलीची किंमत हृदयाने मोजली जाऊ शकते.

पावसाळ्यातील डेंग्यू व चिकुनगुन्या यांचाही असाच विचार करावा लागतो. दोहोंत ताप व अंगदुखी-सांधेदुखी असते आणि आरंभी ते वेगळे ओळखता येत नाहीत. डेंग्यूत रक्तबिंबिका घटतात. अशा स्थितीत ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवितात. म्हणून पावसाळ्यात तापासह पाय दुखत असलेल्या मुलास, डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत, पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक देऊ नये.

यांशिवाय सांध्यात पू होणे, हाडाचा क्षय, रक्ताचा कर्करोग व कुमारवयातील सांध्यांचा दीर्घकालीन दाह हे विकारही प्रथम ‘पाय दुखतो’ या तक्रारीनेच प्रकट होऊ शकतात. खुब्यातील वाढीची चकती सरकल्यास वेदना गुडघ्यात जाणवते आणि गुडघ्याची कितीही तपासणी केली तरी दोष सापडत नाही. म्हणून गुडघा दुखणाऱ्या मुलाचा खुबा तपासणे हा नियमच मानला जातो. विदर्भ व अन्य आदिवासी भागांत सिकलसेल आजाराचा विचार करणे अवश्य आहे. नागपूर येथील शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील या दोषाची नोंद प्रसिद्ध केल्यापासून तो महाराष्ट्राच्या वैद्यकास परिचित आहे. हातापायांची तीव्र दुखणी हे त्याचे मुख्य लक्षण असल्याने ‘वाढीचे दुखणे’ म्हणून ते सहज दुर्लक्षिले जाते.

या सर्वांतून घरात वापरता येतील अशा खुणा निश्चित करता येतात. वेदना नेहमी एकाच पायात असणे. सकाळी उठल्यावरही टिकणे. सांधा सुजणे, गरम होणे वा आखडणे. मूल लंगडणे किंवा पाय टेकण्यास नकार देणे. ताप, फिकेपणा, वजन घटणे किंवा अंगावर निळसर डाग उठणे. मूल आपण होऊन खेळ सोडून बसणे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी मुलास डॉक्टरकडे नेणे क्रमप्राप्त आहे. वाटेत वेदना असह्य झाल्यास पॅरासिटामॉलची एक मात्रा देण्यास हरकत नाही. मात्र कोणते औषध, किती वाजता व किती दिले हे डॉक्टरांस सांगितले पाहिजे. उलटपक्षी या खुणा नसतील, तर रक्ताच्या चाचण्या व क्ष-किरण चित्रे यांची गरज सहसा नसते. अनावश्यक तपासणीने मुलाची भीती व पालकांचा खर्च मात्र वाढतो.

औषधावाचूनचे उपाय

रात्रीच्या पायदुखीत चोळणे, शेकणे आणि जवळ घेणे हेच प्रमुख उपचार होत. वेदनाशामक औषधे या दुखण्यात कितपत गुणकारी आहेत, याविषयीचे मत बव्हंशी अनुभवावर आधारलेले आहे. वेदनेचा हल्ला पुष्कळदा तासाभरात स्वतःच ओसरतो आणि पोटात घेतलेल्या औषधास परिणाम दाखविण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे श्रेय औषधाचे की काळाचे, हे ठरविणे कठीण असते. मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंना झोपण्यापूर्वी हळुवार ताण देण्याच्या व्यायामाने हल्ले लवकर कमी होतात, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅक्स्टर व डलबर्ग यांच्या लहानशा प्रयोगात दिसून आले. हा उपाय निरुपद्रवी व बिनखर्ची असल्याने तो सुचविण्यास अडचण नाही.

चोळण्याच्या तेलाविषयी मात्र एक सावधगिरी हवी. विंटरग्रीनच्या, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलात मिथिल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्याच कुळातील द्रव्य असते. शुद्ध तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेटाइतका अंश असतो. लहान मुलाच्या पोटात एवढे गेल्यास ते प्राणघातक होऊ शकते. बाहेरून लावावयाचे म्हणून ते निर्धोक, हा समज दूर झाला पाहिजे. साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळण्यास तितकेच उपयोगी आहे, कारण गुण बव्हंशी चोळण्याचा व हाताच्या उबेचा आहे.

ऑस्गुड-श्लाटर विकारात उपचाराचा गाभा म्हणजे भाराचे नियोजन. डेन्मार्कमधील २०२० सालच्या एका अभ्यासात दहा ते चौदा वर्षांच्या ५१ मुलांना काही आठवडे धावणे-उड्या कमी करून मांडीचे स्नायू क्रमाक्रमाने बळकट करण्याचा कार्यक्रम दिला गेला. बारा आठवड्यांनी ८० टक्के व वर्षअखेर ९० टक्के मुलांनी आपण सुधारलो असे सांगितले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. डोंगराळ गावातील मुलाच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो : शाळेची वाट चालू ठेवावी, पण त्या दिवसांत उड्या, शर्यती व कबड्डी यांतून सूट द्यावी, उतारावरून धावू नये, डोक्यावरचे ओझे कमी करावे, श्रमानंतर दुखऱ्या जागी गार पाण्याची पट्टी ठेवावी, आणि वेदना उतरल्यावर खेळ हळूहळू सुरू करावा. दररोज गोळी देऊन खेळ चालू ठेवणे हा मात्र उलटा मार्ग होय. वेदना ही येथे इजा सांगणारी सूचना आहे. ती बंद करून ओढ चालू ठेवल्यास उंचवट्यास होणारी इजा वाढतच राहते.

आहाराचा विचार या दोन्ही दुखण्यांत गौण असला तरी त्याज्य नाही. पुण्यातील संशोधकांनी कुमारवयीन मुलींत कॅल्शियमचा अपुरा आहार व ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव वारंवार नोंदविली आहे. पाय वाकणे, हाडे दाबल्यास दुखणे, चाल डुलती होणे अशा खुणा असल्यास ती उणीव तपासून भरून काढली पाहिजे. वेदनाशामक हे तिचे औषध नव्हे. नाचणी, दूध, तीळ व उन्हातील वावर यांचे महत्त्व या दृष्टीने वेगळे सांगावयास नको. मुलाची उंची व वजन वेळोवेळी मोजून ठेवल्यास दुहेरी लाभ होतो. वाढ खुंटत नाही ना हे कळते आणि औषधाची मात्रा ठरविण्यासाठी लागणारे वजन आयतेच हाती राहते. भारतीय मुलांसाठी पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने तयार झालेले पाच ते अठरा वर्षांचे वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. शाळांतून त्यांचा उपयोग करणे सहज शक्य आहे.

समारोप

वाढत्या वयातील गुडघेदुखीत वेदनाशामक औषधाचे स्थान लहान आहे. परंतु ते निश्चित आहे. मूल असह्य वेदनेने रडत असता ‘वाढीचे आहे, थांबेल’ म्हणून औषध नाकारणे हा कठोरपणा होय. प्रत्येक रात्री न विचारता गोळी देणे ही बेफिकिरी होय. वजनावरून मोजलेली पॅरासिटामॉलची एखादी मात्रा मुलास झोप देते आणि घरास विसावा देते; तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. ती मात्रा आठवड्यातून अनेकदा द्यावी लागत असेल, तर तेवढ्यावरूनच निदानाचा फेरविचार करणे इष्ट ठरते.

औषधिशास्त्राच्या अध्ययनात मात्रा, चयापचय व विषबाधा यांचे ज्ञान दिले जाते. त्या ज्ञानाची खरी कसोटी मात्र पालीसारख्या गावी, रात्री, दिव्याच्या उजेडात, बाटलीवरची बारीक अक्षरे वाचू पाहणाऱ्या आईच्या हाती लागते. मुलाचे वजन किती, औषधाचे घटकद्रव्य कोणते, मागची मात्रा केव्हा दिली आणि सकाळी मूल नीट चालते काय, या चार प्रश्नांची उत्तरे तिला देता आली, तर बहुतेक अनर्थ टळतील. ते चार प्रश्न तिच्यापर्यंत सोप्या मराठीत पोहोचविणे हेही संशोधनाइतकेच विद्यापीठीय कार्य आहे.